कळ काढून

नऊ हजार सातशेचा कीबोर्ड
मी स्वतःच्या पैशांनी घेतला,
कारण ऑफिसच्या कळा संध्याकाळच्या उंड्यासारख्या वातड
आणि मला दिवसाला चाळीस पानं टाइप करायची असतात:
देवस्थानांचे जुने जमाखर्च,
नारळ किती, तेल किती, कुणाचा वाटा कुणाला.
नव्याचा आवाज अडकित्त्याखालच्या सुपारीसारखा.
आठही टेबलं माना वर करून ऐकायची.

तिथंच चुकलं.
पणजी, पाटो, तिसरा मजला.
या मजल्यावरून याआधी गेलेत
दोन माऊस, एक हेडफोन, सावईकरांची छत्री
आणि फिलोमेनाच्या डब्यातली तोरं.
चोर बाहेरचाच, असं सगळे म्हणतात, जरा घाईनं.
कॅमेरा आहे. तो कॉफीच्या यंत्राकडे बघतो.

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून
सायकलची साखळी आणली, टेबलाच्या पायाला आवळली.
कीबोर्ड दावणीला बांधल्यासारखा दिसायला लागला.
मग तळाला नेलपॉलिशनं नाव घातलं.
मग रोज घरी न्यायला लागले, बेतीच्या फेरीबोटीतून,
जुन्या परकरात गुंडाळून,
कारण खारा वारा स्प्रिंगांना बाधतो म्हणतात.

गेटवर रुझार वही पुढे करायचा.
वस्तूचं वर्णन, नग, सही.
कीबोर्ड हा शब्द त्यानं कधी लिहिला नाही. पेटी लिहायचा.
"आज पेटी व्हरता गो?"

फेस्ताच्या बँडात रुझार ट्रंपेट वाजवतो.
एकदा म्हणाला, बाय, अख्खं ओझं कशाला वाहतेस?
ट्रंपेट ठेवावं कुठंही,
तोंडाकडचा तुकडा तेवढा खिशात घालावा.
चोराला नुसतं पितळ मिळतं.

तेव्हापासून निघताना मी कळ काढायचे.
(तसली नव्हे. तरी शेजारचा विशांत दचकायचा.)
एकच, ल ची. शिफ्ट धरली की तिथंच ळ.
तीच का, सांगता येत नाही,
तर्जनीला आधी सापडली असेल.
पर्सच्या आतल्या कप्प्यात, घराच्या किल्लीशेजारी.

डिसेंबरात लागून सुट्ट्या आल्या.
परतले तर साखळी होती, कुलूपही लागलेलं,
मधे हवा.
रुझारच्या वहीत त्या तारखांना कोऱ्या ओळी.
दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही,
त्याचंच वाद्य गेल्यासारखा.

फेरीच्या कठड्याशी उभी होते तेव्हा सुचलं:
ज्याच्याकडे तो आहे
त्याला गेला लिहिता येणार नाही.
आला नाही, केला नाही, नेला नाही.
आपल्या भाषेत घडून गेलेलं बहुतेक सगळं
त्या एका कळीवर टेकलेलं.
चोरतो जमेल त्याला. चोरीनही जमेल.
चोरला जमणार नाही, चुकलो तर नाहीच.
कळलं लिहायला गेला तर
एक क उरेल आणि वर टिंब.

आठवडाभर मी सगळ्यांच्या फायली उघडून बसले, ल मोजत.
सावईकरांकडे ढिगानं.
विशांतकडे इतके, की माझी मलाच लाज वाटली.

सोमवारी टेबलावर चिठ्ठी, छापलेली, बिननावाची:
*बहिणीची टायपिंगची परीक्षा आहे. ती सराव करते आहे.
मार्चमध्ये परत देईन. माफ करा.*

खरं असेल, नसेल.
मी तीनदा वाचली. ल नव्हता.

ती मुलगी कसला सराव करत असेल?
तिच्या उताऱ्यात पाहुणे येतात, जेवतात, निघतात,
येऊन गेलेलं कुणीच नाही.
आणि दर वेळी बोट त्या खड्ड्यात,
उघड्या खुंटीवर.

संध्याकाळी पर्समधून कळ काढली,
चिठ्ठीवर वजनासारखी ठेवली,
दिवा घालवला.

गेटवर रुझारनं वही सरकवली. आज काय?
नेत काहीच नाही, म्हटलं, ठेवून चाललेय.
पण लिही.
वर्णन: तोंडाकडचा तुकडा. नग: एक.
त्यानं माझ्याकडे पाहिलं,
पेन झटकलं
आणि लिहिलं.